चौकांतला चरखा आणि बाजारांतला काटा



शहरांतल्या मोठ्या लोकांना अलीकडे एक नवा छंद जडला आहे. गरिबाच्या घरांतली नित्याची वस्तु घ्यावयाची, मूळ मापाच्या दहा-वीस पट फुगवावयाची, पोलादाची करावयाची, चौकांत उभी करावयाची आणि कोणा पुढाऱ्याच्या हातून फीत कापून घ्यावयाची. कोठें नांगर, कोठें बैलगाडी, कोठें लेखणी. परंतु या सर्वांत पहिला मान आहे तो चरख्याचा. दिल्लीच्या विमानतळावर २०१६ सालीं चार टनांचा सागवानी चरखा बसविण्यांत आला. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत त्याच शहरांत कनॉट प्लेसमध्यें अडीच टनांचा पोलादी चरखा उभा राहिला. त्याची लांबी सुमारें पंचवीस फूट. मुंबईंत चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या बागेंत पोलादी चरखा आहे. वर्ध्याकडे सेवाग्रामांतहि एक अजस्र चरखा उभा केला असून तो जगांतला सर्वांत मोठा म्हणून मिरविला जातो.

हें वारें खानदेशांत यावयास वेळ लागणार नाहीं. आमचा मुलूख कापसाचा. जळगांवास २०१२ पासून गांधीतीर्थ आहे. तेव्हां जळगांवच्या नाहीं तर धुळ्याच्या एखाद्या चौकांत असा चरखा पाहिजेच, असें कोणी ना कोणी उद्यां उठून म्हणेल, आणि त्यासाठीं पैसा मंजूर होईल. तो ठराव कागदावर येण्यापूर्वींच आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांनीं आपला जबाब ठरवून ठेवावा, एवढ्यासाठीं हा लेख आहे. माझा जबाब एका शब्दाचा आहे : नको.

मूर्तीचें शास्त्र आपल्याला नवें नाहीं. १८७३ सालीं सत्यशोधक समाज निघाला, त्याचें एक मुख्य सांगणें हेंच कीं निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको. दगडाला शेंदूर फांसला कीं त्याला पुजारी लागतो, पुजाऱ्याला दक्षिणा लागते, आणि ज्या पाथरवटानें तो दगड घडविला त्याला मात्र उंबऱ्याबाहेर उभें राहावें लागतें. चौकांतल्या चरख्याचेंहि तसेंच आहे. अवजाराची मूर्ति झाली कीं त्या अवजाराला हार पडतात, त्याच्यापुढें भाषणें होतात, आणि तें चालविणारा हात मागच्या मागें नाहींसा होतो. २०१७ सालच्या खादी आयोगाच्या दिनदर्शिकेवर चरख्यामागें गांधीजींच्या जागीं पंतप्रधानांचें छायाचित्र आलें, तेव्हां देशभर केवढा गदारोळ झाला! चरख्यामागें हे बसावे कीं ते बसावे, यावर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. परंतु चरख्यामागें खरोखर जी बसते ती सूत काढणारी बाई; तिचें छायाचित्र कां नाहीं, असें विचारणारा हजारांत एखादाच निघाला असेल.

अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरांत १९७६ सालीं क्लेस ओल्डेनबर्ग नांवाच्या शिल्पकारानें धुणें वाळत घालतांना लावतात तो चिमटा पंचेचाळीस फूट उंच करून भर वस्तींत उभा केला आहे. त्यांत गंमत आहे, आणि गंमत म्हणून ती कोणाला आवडते, कोणाला नाहीं. परंतु त्या चिमट्यापुढें हात जोडून कोणी स्वदेशीची शपथ घेत नाहीं, आणि चिमटा उभारल्यानें धोबिणीचा उद्धार झाला असें कोणी सांगत नाहीं. आमच्याकडे ती गंमत राहत नाहीं. आमच्याकडे लगेच त्याचें देऊळ होतें.

आतां चरख्याचा इतिहास पाहूं, कारण मूर्ति उभारणारे तो सांगत नाहींत. १९२४ सालच्या डिसेंबरांत बेळगांवास काँग्रेस भरली, गांधीजी अध्यक्ष होते. तेथें असें ठरलें कीं, सभासदानें दरमहा दोन हजार वार सूत स्वतः कातून वर्गणीदाखल द्यावें. नियम चांगला होता. वकील कातील, सावकार कातील, मग हाताला घट्टे कसे पडतात तें त्यांना कळेल. परंतु त्याच ठरावांत एक पळवाट ठेवली होती. जो आजारी असेल, किंवा ज्याची कातण्याची इच्छाच नसेल, त्यानें तेवढेंच सूत दुसऱ्याकडून कातवून दिलें तरी चालेल! इच्छा नसणाऱ्यांची संख्या किती असेल याचा हिशेब वाचकांनींच करावा. पुढचें वर्ष संपण्याच्या आंत ती सक्तीहि गेली आणि पैशांची वर्गणी पुन्हां चालू झाली. म्हणजे देशाचें चिन्ह चरखा, कातणारी आमची माय-बहीण, आणि सूत पुढें करून सभासद होणारा तिसराच. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ती ही गोष्ट.

गांधीजींना मात्र यांतलें वर्म पुढें कळलें होतें, हें सांगितलें पाहिजे. उगाच कोणावर अन्याय करण्यांत अर्थ नाहीं. १९३५ सालीं त्यांनीं चरखा संघाला बजावलें कीं, कातणारीच्या पोटाला पुरेल अशी मजुरी द्या, मग खादी महाग झाली तरी चालेल. त्यांच्या मनांत आठ तासांच्या कामाला आठ आणे होते. संघाचे व्यवहारी लोक दचकले, खादी खपणार नाहीं म्हणाले, आणि गाडें पुष्कळ खालच्या आंकड्यावर येऊन थांबलें. त्याच सुमारास विनोबा वर्ध्याजवळ नालवाडीस आठ-आठ तास कातून, तेवढ्याच मजुरींत पोट भरतें कां, हें स्वतःच्या देहावर ताडून पाहत होते. ज्यांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें दिलीं तेच हे विनोबा. त्यांची प्रवचनें घरोघरीं पोंचलीं. नालवाडीचा हिशेब मात्र कोणी वाचत नाहीं, कारण प्रवचन ऐकल्यानें पुण्य लागतें आणि हिशेब वाचल्यानें पैसे द्यावे लागतात.

तो हिशेब आज काय आहे? एक हजार मीटर सुताची एक गुंडी होते. खादी आयोगानें १ एप्रिल २०२५ पासून गुंडीमागें कातणाऱ्याला १५ रुपये मजुरी केली आणि ही मोठी वाढ म्हणून जाहीर केली. आमच्या लोकांना समजेल असें सांगतों. जळगांवाहून धुळें सुमारें नव्वद किलोमीटर. एखाद्या बाईनें इतकें सूत काढलें कीं त्याचें एक टोंक जळगांवच्या बाजारांत बांधावें आणि दुसरें टोंक एरंडोल, पारोळा मागें टाकीत थेट धुळ्यास न्यावें, तर तिच्या पदरांत पडणार १,३५० रुपये. एका चातीच्या जुन्या चरख्यावर एका गुंडीस अडीच-तीन तास जातात. म्हणजे महिनाभराचें बसणें. आठ चात्यांच्या अंबर चरख्यावर तेंच काम पुष्कळ लवकर उरकतें, हें मला ठाऊक आहे. तरी दर गुंडीचाच, आणि तो पंधराच रुपये. अडीच टन पोलाद वितळवून चरखा ओतणाऱ्यांनीं त्याच्या बैठकीवर हा दर कोरला असता तर मी त्या शिल्पाला पहिला नमस्कार केला असता.

दुसरी गोष्ट झेंड्याची. राष्ट्राचा झेंडा खादीचा असावा, हा नियम पुष्कळ वर्षें चालत आला. आमच्या महाराष्ट्रांत नांदेडास आणि कर्नाटकांत हुबळीस असे झेंडे बनतात, आणि त्यावर कित्येक घरांची चूल पेटते. ३० डिसेंबर २०२१ रोजीं सरकारनें ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावर विणलेल्या, पॉलिस्टरच्या झेंड्याला मोकळीक दिली. पुढच्या ऑगस्टांत घरोघरीं झेंडा लावण्याची मोहीम निघाली. टपाल कचेरींत झेंडा पंचवीस रुपयांस मिळे. शाळामास्तर या नात्यानें ती मोहीम मीं घरोघर पाहिली आहे. ज्याच्या ओसरीवर कापसाचे ढीग पडतात, ज्याच्या पोरांच्या अंगाला दिवाळींत सरकीचा वास येतो, त्या कुणब्याच्या घरावर पॉलिस्टरचा झेंडा फडकत होता! खादी घालणाऱ्यांच्या राजधानींत चरख्याची मूर्ति बसून पांच वर्षें होतात न होतात, तोंच चरख्याच्या हातून झेंडा काढून घेतला. मूर्ति आणि काम यांचें नातें काय असतें तें यावरून उघड दिसतें.

मीं एकदां वर्गांत मुलांना चरखा काढावयास सांगितला. बहुतेकांनीं सायकलचें चाक काढलें. त्यांचा दोष नाहीं. चरखा पाहिलेलें घर आतां आमच्या गांवांत नाहीं. परंतु बोंडाचा कांटेरी बोंडशा बोटांत कसा शिरतो, सकाळच्या दंवांत वेचलेला कापूस जड कां भरतो, बोंडअळी पडली म्हणजे सरकी कशी दिसते, हें त्यांतल्या प्रत्येकाला पाठ आहे. मग मीं त्यांना दिल्लीच्या चरख्याचें चित्र दाखविलें. एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, हाई फिरस का?” मीं सांगितलें, फिरो न फिरो, त्यांतून सूत निघत नाहीं. मग तो इतका मोठा कशाला केला, हा तिचा पुढचा प्रश्न. यावर शिक्षणखात्याच्या पुस्तकांत उत्तर नाहीं.

आतां त्या जागेबद्दल थोडें. कागदोपत्रीं आज ती राजीव चौक आहे, परंतु लोकांच्या तोंडीं कनॉट प्लेसच. हें नांव इंग्लंडच्या राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट याचें. हा ड्यूक १८८८ सालच्या मार्चांत पुण्यास होता, आणि त्याच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकरांनीं मेजवानी दिली होती. बडे लोक जरीचे पोषाख आणि दागिने घालून आले. जोतीराव फुले गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषांत. आणि त्यांनीं त्या राजपुत्राला तोंडावर सांगितलें कीं, या नटलेल्या मंडळीला हिंदुस्थान समजूं नका. खरी प्रजा खेड्यांत आहे, ती जाऊन पाहा. आतां पाहा, याच ड्यूकच्या नांवाच्या चौकांत आज चरखा आहे. जोतीरावांनीं शेतकऱ्याच्या पागोट्याची सोन्याची प्रतिमा करून नजराणा दिला नाहीं. ते तें पागोटें, तें धोतर अंगावर घालून गेले आणि त्यांनीं तें पुराव्यादाखल दाखविलें. वस्तु एकच असते. ती पुरावा म्हणून पुढें करावी कीं दागिना म्हणून, यांत सगळा फरक आहे. चौकांतला चरखा हा राजधानीच्या गळ्यांतला दागिना आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्हांला कलेचें वावडें आहे. मुळींच नाहीं. आमच्याच फैजपुरास डिसेंबर १९३६ मध्यें काँग्रेसचें खेड्यांतलें पहिलें अधिवेशन भरलें, तेव्हां शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंनीं सगळें नगर बांबू, तट्ट्या आणि खेड्यांत मिळणाऱ्या साध्या जिनसांनीं सजविलें होतें. रोजच्या वस्तूंचीच ती शोभा, पण ती पाहून खेडुताला आपल्या घरांत आल्यासारखें वाटावें अशी. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, ती शोभा चार दिवसांत उतरली. मागें राहिला तो शेतकऱ्यांचा कार्यक्रम. सारा कमी करा, पोटापुरती जमीन नसणाऱ्याला साऱ्यांतून सोडा, कर्जाचा बोजा हलका करा, अशीं त्यांत कलमें होतीं. तीं किती पाळलीं गेलीं हा निराळा प्रश्न, आणि त्याचें उत्तर आपल्या बापजाद्यांना ठाऊक होतें. परंतु निदान सजावटीबरोबर मागणी तरी होती. आजच्या पोलादी चरख्याबरोबर कोणती मागणी आहे? एकहि नाहीं. त्याच्या पायथ्याशीं छायाचित्र काढावें आणि घरीं जावें.

दुसरा कोणी म्हणेल, शिल्पानें निदान तरुणांना आठवण राहील. कशाची आठवण? जळगांवची खानदेश मिल एकोणिसाव्या शतकांतली. तिच्या भोंग्यावर अर्धें गांव उठत असे. आज त्या जागेवर दुकानांचा बाजार आहे. अमळनेरची प्रताप मिल गेली, धुळ्याची न्यू प्रताप गेली. त्यांतल्या कामगारांची आठवण कोणाला नको आहे, कारण ती आठवण काढली कीं मिल कां बुडाली, जागेचें काय झालें, थकलेले पैसे कोठें गेले, हे प्रश्न निघतात. चरख्याची आठवण मात्र बिनधोक. चरखा कोणाकडे थकबाकी मागत नाहीं. साळी गेला, कोष्टी गेला, पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लींतून ऐकूं येईनासा झाला. त्यांच्या घरांत आज कोण काय करतें, कोणाचा मुलगा सुरतेस लूमवर उभा आहे, हें विचारण्यापेक्षां चौकांत चाक उभें करणें सोपें आहे.

आतां मुद्याचें. कापूस पिकविणाऱ्याचें पोट चरख्यावर नाहीं, काट्यावर अवलंबून आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठीं सरकारनें हमीभाव बांधला तो मध्यम धाग्याला क्विंटलमागें ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. ऐकावयास बरें वाटतें. परंतु त्याच वर्षीं परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर १९ ऑगस्टपासून काढून टाकला आणि ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत लांबविली. आमची वेचणी कधीं असते? दसरा ते पौष. म्हणजे नेमका आमचा कापूस घरांत येण्याच्या वेळींच बाहेरच्या कापसाला दार उघडें. स्वदेशीचें चाक चौकांत, आणि परदेशी गासडी बंदरांत! सरकारी खरेदी केंद्रावर जावें तर आधीं ‘कपास किसान’ नांवाच्या फोनवरच्या खात्यांत नांव नोंदवा, मग पाळी येण्याची वाट पाहा, मग ओलावा मोजून घ्या. आठ टक्क्यांवर गेला कीं भाव कापला, बारांवर गेला कीं गाडी परत. ज्याला उसनवारी फेडायची आहे, ज्याच्या घरीं कापूस ठेवावयास दुसरी खोली नाहीं, तो दारांत आलेल्या खेडा-खरेदीच्या व्यापाऱ्यालाच माप घालतो. भाव त्याचा, काटा त्याचा, कट्टी त्याच्या तोंडाची.

इंग्रजी अमलांत कापसांत भेसळ होते म्हणून १८६३ सालींच कायदा झाला होता. विलायतच्या गिरणीवाल्यांना स्वच्छ माल हवा होता. शेतकऱ्याला खरें माप मिळावें यासाठीं मुंबई इलाख्यांत कापूस बाजाराचा कायदा व्हावयास १९२७ साल उजाडावें लागलें, आणि त्याखालीं नियमांत आलेल्या अगदीं पहिल्या बाजारांत आमचें धुळें होतें. हा मान चरख्याच्या मानाहून मोठा आहे. पण धुळ्यांतल्या किती पोरांना तो ठाऊक आहे? त्या कायद्यानें मापाडी आला, पाटी आली, उघडा लिलाव आला. लुच्चेगिरी संपली नाहीं, पण तिला उजेडांत यावें लागलें. आज खेडा-खरेदीनें तीच पुन्हां आमच्या अंगणाच्या अंधारांत आणून सोडली आहे.

म्हणून जळगांव-धुळ्याच्या नगरपित्यांना व आमदारांना माझें सांगणें असें. चौकांत वस्तूच उभी करावयाची तुमची हौस असेल तर काटा उभा करा. पण पोलादी शिल्प नव्हे, चालणारा काटा. कापूस पिकविणाऱ्या प्रत्येक मोठ्या गांवांत ग्रामपंचायतीच्या दारांत एक पडताळणीचा शिक्का असलेला वजनकाटा, ज्यावर कोणीहि फुकट गोणी ठेवून पाहावी. शेजारीं ओलावा मोजण्याचें यंत्र, ज्याचा आंकडा विकणाऱ्याच्या तोंडासमोर दिसावा. आणि भिंतीवर त्या दिवशींचा भाव खडूनें लिहिलेला. पंचवीस फुटी चरख्याच्या पैशांत असे किती काटे येतील, हा हिशेब त्यांनीं निविदा काढण्यापूर्वीं लोकांपुढें मांडावा. त्याला फीत बांधून उद्घाटन करा, पुढाऱ्याला बोलवा, हार घाला, आमची हरकत नाहीं. फक्त दुसऱ्या दिवशीं तो चालू असला पाहिजे.

आणि ते काटे येईपर्यंत आमच्या बांधवांनीं हात बांधून बसूं नये. येत्या दसऱ्याला पहिल्या वेचणीचा कापूस घरांत आला कीं प्रत्येक घरानें एक वही करावी. तींत चार रकाने : घरच्या ताणकाट्यावरचें वजन, व्यापाऱ्याच्या काट्यावरचें वजन, कट्टी किती कापली, आणि हातांत रुपये किती आले. शिकणारें पोर घरांत असेल तर लिहिण्याचें काम त्याच्याकडे द्यावें. वजाबाकीला याहून चांगलें उदाहरण मला शिकवितां येणार नाहीं. ज्या गांवांत पन्नास घरांनीं अशा वह्या ठेवल्या, त्या गांवानें होळीच्या सुमारास त्या एकत्र कराव्या आणि तालुक्याच्या बाजार समितींत व वैधमापन खात्याच्या कचेरींत, पोंच घेऊन, दाखल कराव्या. पोंच घ्यावयास विसरूं नये. वहीची एक प्रत आपल्या पत्राकडेहि पाठवावी, म्हणजे कोणत्या गांवांत क्विंटलमागें किती किलो गेले, तें संपादकसाहेबांना गांववार छापतां येईल.

— एक खेड्यांतला मास्तर